चौदाव्या पानावरचा पाळणा

बाळ झोपलं होतं आणि शकुंतला त्याच्या छातीकडं पाहत बसली होती. वर, खाली. वर, खाली. गेले बारा दिवस तिचं हेच चाललं होतं. सासूबाई म्हणायच्या, "बघून बघून तूच दिष्ट लावशील लेकराला." ते तिला पटायचं, तरी नजर हटायची नाही. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला, नवव्या दिवशी पहाटे तिचा डोळा लागला होता. जागी झाली तेव्हा मुलगी गार पडली होती.

आज ह्याचं बारसं. बाराव्या दिवसापर्यंत पोचलेलं हे पहिलंच लेकरू.

बाहेर ओसरीवर तिच्या मामांचा आवाज आला. हरिचंदमामा वाशीमला वकिली करायचे. काल मोटारीनं हिंगोली, आज सकाळी बैलगाडीनं शिरड शहापूर, असे येऊन पोचले होते. आईबापाविना राहिलेल्या भाचीला त्यांनीच वाढवलं, अमरावतीच्या कॉलेजात दोन वर्षं शिकवलं. निजामाच्या मुलखात, शेतकऱ्याच्या घरी दिली तेव्हा वाशीमच्या लोकांनी त्यांना नावं ठेवली होती. त्यांनी बाळाला अंगठी आणली, तिला लुगडं आणलं, आणि लुगड्याच्या घडीत एक पातळसं पुस्तक.

"हे तुला ठाऊकच असेल म्हणा," मामा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "पण आमच्याकडं बायकांनी उचलून धरलंय ते. तुझी मामी तर रोज वाचते."

तिला ठाऊक नव्हतं. वरती ठळक अक्षरांत 'पाळणे आणि ओव्या', आणि खाली 'कवी सटवाजी ग्यानबा पाटील, शिरड शहापूर'.

सटवाजी म्हणजे तिचे सासरे. सासऱ्यांना सही येत होती. त्यापलीकडं अक्षर येत नव्हतं.

---

ओसरीवर सटवाजी पाटील मांडी घालून बसले होते आणि समोर संतराम, त्यांचा मुलगा, एक टंकलेला कागद उलगडत होता. वाशीमच्या छापखान्याचा कागद. पहिली पाचशे पुस्तकं महिन्याभरात निम्म्याहून जास्त गेली होती. लढाईमुळं छपाईचा कागद महागायच्या आत दुसरी आवृत्ती काढायची छापखान्याची घाई होती. शिवाय मुंबईच्या एका कंपनीला त्यातला एक पाळणा ग्रामोफोनच्या तबकडीवर घ्यायचा होता.

"हितं सही करा, बाबा. बस."

"कवीनं सही करायची म्हन," सटवाजी बायकोकडं बघून म्हणाले. चतुराबाई सूप घेऊन गहू निवडत होत्या. "ऐकलं का? औंढ्याच्या बाजारात परवा तहसीलचा कारकून मला म्हनला, या कवीराज. बराबर दहा लोकांच्या देखत."

"मग म्हनून दाखवायचं हुतं त्याला एखादं गानं."

"म्हनलं ना. घसा बसलाय म्हनलं."

कोपऱ्यात गोजरबाई अंबाडीच्या वाकाची दोरी वळत होती. पाळण्याची दोरी. सटवाजीपेक्षा पाच वर्षांनी मोठी बहीण, विसाव्या वर्षी हट्ट्याच्या सासरहून पांढऱ्या कपाळानं परत आलेली. ती हसली, पण दोरीवरची नजर काढली नाही. गाणी तिची होती. ते घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत आहे म्हणूनच कुणी त्याची वाच्यता केली नव्हती. घरात लेकरू झालं की गोजरबाई त्याचा पाळणा रचायची. त्याचाच, दुसऱ्या कुणाचा नाही. बारशाला तो पहिल्यांदा म्हणायची. त्याआधी कुणाला ऐकवायची नाही, आणि एका लेकराचा पाळणा दुसऱ्याच्या पाळण्यावर कधी म्हणायची नाही. शेवटच्या ओवीत सही असावी तसं एकच यायचं, 'सटवाजीची बहीण'. विधवेनं गाण्यात स्वतःचं नाव घ्यायचं ही रीत नव्हती. नवऱ्याचं घ्यायचं तर तो उरला नव्हता. उरला भाऊ.

हरिचंदमामांनी चष्मा लावून कागद हातात घेतला. संतरामला ते आवडलं नाही. हा कागद त्यानं वाशीमहून आणला होता. सहा महिने तो आत्याच्या पुढ्यात बसून ओव्या लिहून घेत होता. हिंगोलीच्या शाळेत सगळं उर्दूतून शिकलेला माणूस, मराठी लिहायला स्वतःच्या मनानं शिकला. हस्तलिखित कडब्याच्या पेंढीत घालून निजामाच्या हद्दीवरचा कनेरगावचा नाका ओलांडला, कारण नाक्यावर मराठी कागद दिसला की चार तास बसवून ठेवायचे. आता ह्यांनी चष्मा लावला.

"पाटील, सही करण्याआधी एक ऐका," मामा म्हणाले. "यात लिहिलंय, 'सदर पुस्तकातील सर्व काव्य मी स्वतः रचले असून त्याचे संपूर्ण हक्क छापखान्यास कायमचे देत आहे.' मी स्वतः. असं आहे ते."

दौतीकडं गेलेला सटवाजींचा हात थांबला.

"स्वतः म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही."

"आता गान्यात माजंच नाव हाय की!"

"नाव आहे. रचलं कुणी?"

सूप थांबलं. चतुराबाईंनी नणंदेकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. सटवाजींनी मिशीवरून हात फिरवला. खोटं बोलायला त्यांची फारशी हरकत नसायची. बाजारात तर मुळीच नाही. पण सरकारी टिकिटावर सही करून खोटं बोलायचं, ते वेगळं होतं.

"रचलं आक्कानं," ते शेवटी म्हणाले. "पर इषय मी दिलेले हायत. आक्का, सांग की. तुला मीच म्हनलं हुतं ना, भोरड्यावर गानं कर म्हनून?"

"म्हनला हुतास," गोजरबाई म्हणाली. "कनसावरच्या भोरड्या हाकलायचं सोडून."

"विषयावर कुणाचा हक्क नसतो, पाटील," मामा म्हणाले. "भोरड्यांवर उद्या मीही गाणं करीन. कायदा शब्दांना राखतो, ज्या शब्दांत ते बसवलं त्यांना. ज्यानं बसवलं, त्याचा हक्क."

"मग लिहून मी काढलं," संतराम म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा चढला होता. "आत्याच्या तोंडात होतं ते सगळं हवेत होतं. मी कागदावर आणलं नसतं तर कायद्याला तरी काय सापडलं असतं?"

"हे बरोबर बोललात. कागदावर आलं म्हणून आपण आज बोलतोय. पण माझा कारकून माझा अर्ज लिहून काढतो, म्हणून अर्ज त्याचा होत नाही."

संतरामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कारकून.

चतुराबाईंना वातावरण जड झालेलं सहन व्हायचं नाही. "आन काय काय राखतो हो ह्यो कायदा? माज्या हातचं वांग्याचं भरीत? सगळी आळी मला इचारून करते."

"भरीत नाही राखत, विहीणबाई. रीत ती रीत. तुम्ही भरतावर पुस्तक लिहिलंत तर पुस्तकातले शब्द राखील."

"आन दारातली रांगोळी?"

मामांनी दारातल्या रांगोळीकडं पाहिलं. "चित्र असेल तर राखतो. चित्र, मूर्ती, नकाशा, फोटो. कविता, गोष्ट, नाटक. सुरांची नवी रचना. आता तबकडीसुद्धा. पण संध्याकाळपर्यंत पायानं पुसली जाणारी रांगोळी घेऊन कोर्टात कोण जाणार?"

"चाल?" संतरामनं विचारलं.

"चाल आत्याबाईंची आहे?"

"चाल आमच्या आज्जीच्या आधीची हाय," गोजरबाई म्हणाली. "ती समद्यायची."

"मग ती सगळ्यांची. शब्द आत्याबाईंचे. त्या असेपर्यंत, आणि त्यांच्यामागं पन्नास वर्षं."

"पन्नास!" सटवाजी म्हणाले. "आक्का, मेल्यावर बी तू माज्या डोक्यावर हाईसच."

"तुमच्या हैदराबादेत काय कायदा आहे, ते मी सांगत नाही," मामा म्हणाले. "पुस्तक वाशीमला छापलंय, म्हणून तिथलं सांगतो. ज्याचं नाही त्याची सही घेतली तर कागद फुकट. छापखान्याच्या मालकाला हे कळत नसेल असं नाही. त्याला पाटलांची सही सोपी वाटली असेल."

संतरामला वाटलं होतं, आज सही होईल, उद्या तो पुन्हा वाशीमला जाईल, छापखान्यात त्याला खुर्ची देतील. तिथं त्याला 'या संतरामजी' म्हणायचे. इथं तो पाटलाचा पोरगा होता, नांगर सरळ धरता न येणारा.

---

शकुंतला बाळंतिणीच्या खोलीत पानं उलटत होती. एका हाताचा तळवा बाळाच्या पोटावर, दुसऱ्या हातात पुस्तक. नवऱ्यानं हे आपल्यापासून का लपवलं, हे तिला कळत नव्हतं. आत्याबाईंच्या गाण्यांचं पुस्तक झालं ह्यात लपवण्यासारखं काय होतं?

मग चौदावं पान आलं.

*हिंगोलीच्या वाटं, आडवी आली नदी*
*बाळी माझी, आईला भेटली आधी*

तिनं त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. पोटुशी असताना ती वाशीमहून परत येत होती, हिंगोलीजवळ गाडी थांबवून तिनं कयाधू नदीच्या पाण्यात पाय सोडले होते, आणि तेव्हाच पोटात पहिल्यांदा हललं होतं. हे तिनं फक्त आत्याबाईंना सांगितलं होतं. नवऱ्यालाही नाही. मुलीचं नाव तिथंच ठरलं, कयाधू. सासूबाई किती कुरकुरल्या होत्या, राक्षसाच्या बायकोचं नाव काहून ठेवतीस म्हणून. आत्याबाईंनी पाळणा रचून तयार ठेवला. बारसं झालंच नाही. त्यानंतर महिन्याभरानं, एका दुपारी, शकुंतलेनं हट्ट धरला म्हणून आत्याबाईंनी तो तिच्या एकटीपुरता म्हटला होता, रिकाम्या घरात, हलक्या आवाजात. 'कयाधू माझी, आईला भेटली आधी.' मुलगी गेल्यावर तिचं नाव जगात तेवढ्याच वेळा उच्चारलं गेलं होतं.

दाराआड पाणी प्यायला आलेला संतराम तेव्हा उभा असावा. आणि नंतर त्यानं लिहून ठेवलं असावं.

ती उठली. बाळाला उराशी घेतलं. बाराव्या दिवसाची पूजा व्हायची होती, बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नव्हता. म्हणून ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली आणि मोठ्यानं वाचलं. पहिल्या दोन ओळी, पुढच्या दोन, आणि शेवटची ओवी,

*अंबाडीचा वाक, दोरी वळली हातानं*
*सटवाजीची बहीण, गाते आपुल्या मतानं*

गोजरबाईच्या हातातली दोरी गळून पडली.

"हे बी छापलं?" ती म्हणाली. ओरडली नाही. "संत्या, हे बी?"

चतुराबाई कपाळावर हात मारून बसल्या. "आरं देवा. मेल्या लेकराचा पाळना लोकायच्या घरात दिला व्हय रे तू?"

"तबकडीवर घ्यायचाय तो कोणता?" शकुंतलेनं विचारलं.

संतराम दौतीचं झाकण लावू लागला.

"सांगा ना. हाच ना?"

"हाच. सगळ्यात चांगला हाच आहे. वाशीमला ज्यानं ऐकला तो..." त्यानं ते तिथंच सोडलं. "मी नाव गाळलं होतं. नाव मी कुणालाच दिलं नाही."

"मला विचारलं का नाही?"

"काय विचारायचं होतं? तू तिच्याबद्दल बोलू देत होतीस का? दोन वर्षं झाली. ह्या घरात पोरीचा 'प' काढायची सोय नव्हती. मी बाप आहे तिचा. माझ्यापाशी काय होतं तिचं? एक अंगडं, तेही तू पेटीत बंद करून ठेवलं. म्हटलं, हे कुठंतरी राहावं. कुणीतरी म्हणावं."

शकुंतलेनं त्याच्याकडं पाहिलं. हा माणूस दाराआड उभा राहून ऐकत होता आणि आत आला नव्हता, हे तिला आत्ता कळत होतं. तिला राग आला होता, आणि तो राग कुठं ठेवावा ते समजत नव्हतं. बाळ कुरकुरलं. तिनं त्याला थोपटलं.

"मामा," ती म्हणाली, "हे गाणं कुणाचं?"

"सांगितलं की. आत्याबाईंचं."

"न्हाई," गोजरबाई म्हणाली. तिनं दोरी उचलली, गाठ तपासली. "वकीलसाब, बाकीची माजी म्हना. भोरड्याची, नांगरटीची, सुगीची. पर पाळना माजा कसा आसंल? मी त्यो लेकराला देते. दिल्यावर त्यो त्या लेकराचा. मला बी त्यो दुसऱ्या पाळन्यावर म्हनता येत न्हाई, ही आमची रीत हाय. मग छापखान्याला कसा येईल?"

"कायद्यात लेकराला जागा नाही, आत्याबाई. रचणाऱ्याला आहे."

"मग तुमचा कायदा कच्चा हाय."

सटवाजी खूश झाले. "ऐका! आमची आक्का निजामाच्या बापाला ऐकायची न्हाई."

मामा हसले, पण विचार करत होते. "एक आहे. तुमचं तुम्ही कुणालाही देऊ शकता. लिहून, खाली अंगठा करून. मुलगी नाही. मुलीची आई आहे."

"मग हिला द्या. लिवा."

"आक्का, जरा दमानं," सटवाजी म्हणाले. आता ते कवीसारखे नाही, पाटलासारखे बोलत होते. "तो पाळना काढला तर मुंबईची ती तबकडी जाईल. छापखानेवाला रुसंल. संतरामनं सहा म्हैने तकलीफ काढली. समदं वाया?"

संतराम बायकोकडं बघत होता. तिनं छापायला हो म्हणावं, असं त्याला वाटत होतं आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

"बाकीची छापू द्या," शकुंतला म्हणाली. "आत्याबाईंच्या नावानं. मात्र चौदावं पान नाही. तबकडीही नाही."

"जी अडीच-तीनशे पुस्तकं गेली, त्यांचं?" मामांनी विचारलं. "ती परत येत नाहीत, बाई."

तिनं पुस्तक पुन्हा उघडलं. 'बाळी माझी.' कुणाचीही बाळी.

"त्यात नाव नाही," ती म्हणाली. "नाव नाही, म्हणजे ते तिचं नव्हेच. म्हणू दे ज्यांना म्हणायचं त्यांना." मग नवऱ्याकडं न बघता, "ते गाळलंत, हे एक बरं केलंत."

संतराम उठून गोठ्याकडं गेला. थोड्या वेळानं तोंडावर पाणी मारून परत आला आणि छापखान्याचा कागद त्यानं चार घड्या करून खिशात घातला.

---

मामांनी नवा मजकूर लिहिला. एक कागद छापखान्यासाठी, रचणारीचं नाव गोजरबाई. दुसरा चौदाव्या पानाचा, शकुंतलेच्या नावे. अंगठ्याला शाई हवी होती. दौतीतल्या शाईनं नुसते डाग पडले. मग चतुराबाईंनी आतून बाळाच्या काजळाची डबी आणली. एरंडेलात खललेलं ताजं काजळ. गोजरबाईनं त्यात अंगठा बुडवला आणि मामांनी दाखवलेल्या जागी दाबला. रेषा न रेषा उमटली.

"आता मी कवी न्हाई म्हना की," सटवाजी म्हणाले.

"तुमी काय होते तेच हाय," चतुराबाई म्हणाल्या. "बाजारात घसा बसलाय म्हनायची गरज न्हाई आता."

"तहसीलच्या कारकुनाला काय सांगू?"

"सांग, कवी माजी बहीन हाय," गोजरबाई म्हणाली, आणि अंगठ्याला उरलेलं काजळ तिनं बाळाच्या तळपायाला लावलं.

उन्हं कलली तेव्हा बायका जमल्या. पाळणा आढ्याला टांगला, नव्या दोरीनं. बाळाला पणज्याचं नाव दिलं, ग्यानबा. सगळ्यांनी घुगऱ्या तोंडात टाकायच्या आधी गोजरबाईकडं बघितलं. तिनं दोरी धरली.

*शाळूच्या रानात, दाणा दुधात आला*
*ग्यानबा माझा, मुठीत माझ्या मावला*

शकुंतला पाळण्याच्या कडेला बसली होती. हात आत. बाळाचा श्वास तळव्याला लागत होता. वर, खाली. ओव्या पुढं गेल्या. त्यात गाव आलं, नाका आला, वाशीमचा मामा आला, बायका हसल्या. शेवटची ओवी आली तेव्हा भिंतीला टेकून उभे असलेले सटवाजी ताठ झाले. कागदावर आज तिचं नाव चढलं होतं. आता ती काय म्हणते?

ती तेच म्हणाली. सटवाजीची बहीण.

"तोंडात बसलंय," नंतर ती चतुराबाईंना म्हणाली. "म्हातारपनी काय बदलायचं."

सटवाजींनी मिशीवर हात फिरवला.

संतराम दारात उभा होता. सवयीनं त्याचा हात खिशातल्या पेन्सिलीकडं गेला होता. पहिली ओवी झाली तेव्हाच गेला होता, आणि तिथंच थांबला होता. आता बायका घुगऱ्यांकडं वळल्या तसा तो आत आला, पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला बसला.

"आत्या," तो म्हणाला, "लिहून घेऊ का?"

सहा महिन्यांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. गोजरबाईनं दोरीचा एक हेलकावा दिला आणि हनुवटीनं शकुंतलेकडं दाखवलं.

"लेकराच्या आईला इचार."

त्यानं विचारलं नाही. नुसतं तिच्याकडं पाहिलं. शकुंतलेचा तळवा बाळाच्या छातीवर होता.

"लिहा," ती म्हणाली. "पण नाव गाळू नका."

तो पेन्सिलीला टोक करू लागला.

"दोन्ही पाळणे लिहा," ती म्हणाली. "घरच्या वहीत आधी तिचा."